मर्लच्या गाडीतलं इंजिन

१२ मे १९९६, रविवार

मर्लने गाडी घेतली. एकोणसत्तरची शेव्हेल! तेच वर्ष, तेच मॉडेल, रंगसुद्धा माझ्या गाडीसारखा गडद हिरवा. सॅगिनॉकडच्या कुठल्याशा विधवा बाईच्या कोठारात वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली पडून होती म्हणे. फोनवर नुसता ओरडत होता. "सगळं जिथल्या तिथं आहे लेका! इंजिनसुद्धा मूळचं!"

मूळचं इंजिन! आणि कोणाला? तर ज्याला प्लग आणि मक्याचं कणीस यातला फरक कळत नाही त्याला. आयत्या बिळावर नागोबा.

"अभिनंदन" म्हणालो आणि फोन ठेवला.

१३ मे

माझी गाडी मी घेतली तेव्हा बॉनेटखाली नुसतं भगदाड होतं. इंजिन कोणीतरी आधीच काढून नेलेलं. बाकी एकेक तुकडा मी मूळचा मिळवला — काचा, आरसे, रेडिओ, अगदी सीटच्या पट्ट्यांची बक्कलं. पण इंजिन उसनं, दुसऱ्याच गाडीचं. आणि ते लपवता येत नाही, कारण कारखान्यात गाडीचा नंबर इंजिनावरही ठोकलेला असतो. आकडे जुळले तर गाडी अस्सल. नाही जुळले तर रंगरंगोटी केलेली म्हातारी, बस.

आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबच्या मेळ्यात अस्सल गाड्यांची रांग वेगळी. त्या रांगेतली प्रत्येक गाडी तपासतो मी. आणि माझी स्वतःची गाडी? पलीकडे, तळलेल्या कांद्यांच्या वासात, ज्याची त्याची हौस म्हणून उभी!

वीस वर्षं जुन्या सामानाच्या बाजारांतून हिंडलो. गुडघ्यांवर बसून फडक्याने इंजिनं पुसली. क्लबच्या अंकात दर वसंतात माझी जाहिरात — ३१७५०८ नंबरचं इंजिन कोणाला दिसलं तर कळवा. मर्ल बरोबर यायचा. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात हॉट डॉग. "मिळेल रे," म्हणायचा, तोंडात घास ठेवून.

मिळालं. त्याला.

१९ मे

बघून आलो. न जाऊन चालण्यासारखं नाही, असं बायकोचं, आयव्हीचं, म्हणणं.

चांगली आहे. लिहायलाच हवं, इथे खोटं कशाला लिहू! मूळ रंग अजून अंगावर आहे. दाराच्या आत कारखान्यातल्या माणसाच्या हातून ओघळलेला रंगाचा थेंब तसाच्या तसा. असला थेंब मला तीनदा मुद्दाम पाडावा लागला होता माझ्या दारावर, आणि तरी तो मुद्दाम पाडल्यासारखाच दिसतो.

मर्ल सीटवर बसून केक खात होता. त्या सीटवर! त्याची बायको डॉट आतून ओरडली, "अरे, कण सांडू नकोस!" तर हा म्हणतो, "गाडी आहे गं, देव्हारा नाही."

येताना आयव्ही हसायला लागली. "ऑरिन, तोंड असं करून बसलायस जसं काही त्याने तुझी गाडी पळवली."

तिला काय कळणार.

२३ मे, गुरुवार

आमचा पत्त्यांचा दिवस. सगळ्यांच्या तोंडी एकच — मर्लची गाडी, मर्लची गाडी! माझ्या हातात हुकुमाचा एक्का आणि राजा होते तरी डाव घालवला.

शेवटी क्लबचा अध्यक्ष एल्डन म्हणाला, "मर्लला अस्सल रांगेत यायचंय. तूच तपास, ऑरिन. तुझ्यासारखी नजर कोणाची आहे?"

मर्ल टेबलापलीकडून बघत होता. "ये की एक तारखेला, शनिवारी. मला ते आकडे वाचता येत नाहीत बाबा."

येतोच. असा येतो की काही सुटणार नाही. इतकी वर्षं कोठारात पडलेली गाडी, काहीतरी बदललेलं असणारच!

१ जून, शनिवार

जसं घडलं तसं लिहितो.

दहाला पोचलो. मर्लने गॅरेजचं दार उघडलं, माझ्या हातात टॉर्च दिला. मागून सुरुवात केली. प्रत्येक ओतीव भागावर तो ओतल्याची तारीख असते. ती गाडी बनायच्या थोडी आधीची हवी. नंतरची असली की भाग उपरा. मागचा आस — बरोबर. गिअरबॉक्स — बरोबर. काचा, डायनॅमो, कार्ब्युरेटर, सगळं बरोबर! एकेका गोष्टीवर खूण करत होतो, पेन्सिल कागदात रुतवून. बंपरचे बोल्टसुद्धा कोणी कधी हलवलेले नाहीत.

राहिलं इंजिन. पुढे उजव्या अंगाला एक सपाट पट्टी असते, तिथे नंबर. तेल आणि धुळीचा थर जमलेला. मर्ल म्हणाला, "तू बघ निवांत. मी काहीतरी थंड आणतो," आणि आत गेला.

मी फडकं रॉकेलमध्ये भिजवून पुसलं. आधी तीन दिसला. मग एक. मग सात.

पाच. शून्य. आठ.

मी परत पुसलं. बोट फिरवलं. ठोकलेल्या आकड्यांच्या आजूबाजूला कारखान्याच्या यंत्राच्या बारीक रेघा जशाच्या तशा — कोणी खरवडून खोटा नंबर मारला असता तर त्या पुसल्या गेल्या असत्या. खरं आहे. माझं आहे. त्या काळी पोरं शर्यतींसाठी इंजिनं इकडची तिकडे करायची, तसंच कधीतरी गेलं असणार. मडगार्डला धरून उभा राहिलो.

ओरडावंसं वाटलं. खरंच वाटलं! तोंड उघडलंही.

आणि मग मर्ल डोळ्यांसमोर आला. मी सांगितलं की तो लगेच म्हणणार, "घेऊन जा लेका, तुझंच आहे!" हसत देणार, पाठीवर थाप मारून देणार. आणि मग जन्मभर, मेळ्यात माझ्या गाडीपाशी जो थांबेल त्याला ती गोष्ट ऐकवणार. माझी वीस वर्षं आणि त्याची गोष्ट! नाही. त्याच्या हातून नाही.

तो लिंबू सरबत घेऊन आला. म्हणाला, "काय रे? जुळला?"

"नाही," मी म्हणालो. मोठ्याने, नीट. "नाही जुळत. इंजिन हिचं नाहीच."

"मग कोणाचं?" त्याने विचारलं.

"कोण जाणे. कुठल्या तरी भंगारात गेलेल्या गाडीचं."

"नक्की ना, ऑरिन? परत एकदा बघतोस का?"

"वीस वर्षं हेच करतोय मी."

त्याने ग्लास हातात दिला. सरबत मी उभ्याउभ्याच संपवलं. फडकं खिशात घालून आणलं.

२ जून

चर्चला गेलो नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. आयव्ही एकटीच गेली.

५ जून

चोरी कशाची? माझ्याच वस्तूची चोरी कशी होईल? आणि मी मर्लला खोटं काय सांगितलं — त्याच्या गाडीचं ते नाहीच! एवढं तर सोळा आणे खरं आहे.

७ जून

मर्लला फोन केला. म्हटलं, तुझी गाडी आता अस्सल रांगेत येणार नाही, तर तुला कुठलंही इंजिन सारखंच. माझं नुकतंच बांधून घेतलेलं आहे, तुझं जुनं गंजकं. अदलाबदल करू. मला असली जुनी उघडून बघायची हौस आहे.

वाटलं होतं विचारेल, का रे बाबा. विचारलं नाही.

"तुला हवंय का ते?" एवढंच म्हणाला.

"हवंय असं नाही. तुझ्या भल्यासाठी म्हणतोय."

"मग घे," म्हणाला.

किती भोळा असावा माणूस!

१५ जून, शनिवार

काम झालं. साखळीच्या कप्पीवर दोन्ही इंजिनं आम्ही दोघांनीच उतरवली, चढवली. मर्ल एरवी काम करताना तोंड बंद ठेवत नाही. आज ठेवलं. डॉटने सँडविच आणून दिली आणि न बोलता आत गेली. तिला गाडी अस्सल ठरली नाही याचं दुःख असणार. साहजिक आहे.

माझं इंजिन माझ्या गाडीत बसलं. बोल्टांची भोकं अशी जुळली की काय सांगू! हात ठेवून उभा होतो कितीतरी वेळ. इतका आनंद व्हायला हवा होता — झाला. झालाच.

४ जुलै

एल्डनला कळवलं की इंजिन मिळालं. पेनसिल्व्हेनियाच्या बाजारात, असं सांगितलं. "असं होय," म्हणाला. वीस वर्षं शोधलेली वस्तू मिळाली आणि हा म्हणतो असं होय! जळतात सगळे. दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही लोकांना.

१८ ऑगस्ट, रविवार

अस्सल रांगेत पहिला!

एल्डनने स्वतः तपासलं. पट्टीवर टॉर्च मारला, आकडे वाचले आणि बॉनेट लावलं. ढाल दिली. टाळ्या जेमतेम. मर्ल मात्र वाजवत होता — तळलेल्या कांद्यांच्या गाडीशेजारी, आपल्या हिरव्या शेव्हेलला टेकून. फोटोला बोलावलं तर आला नाही. एवढं काय मनाला लावून घ्यायचं! मी इतकी वर्षं उभा होतोच की तिथे.

आयव्हीने गाडीत बसल्यावर पट्टा लावला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. घरी आल्यावर मी ढाल दिवाणखान्यात ठेवली.

१९ ऑगस्ट

आयव्ही आज सकाळी बोलली. मर्लने ती गाडी त्या नंबरसाठीच घेतली होती, माझ्याकरता. मी नंबर तपासला त्या शनिवारी, गॅरेजला लागून असलेल्या स्वयंपाकघराच्या दारामागे ते सगळे उभे होते — डॉट, एल्डन, पत्त्यांतली मंडळी, आणि आयव्हीसुद्धा, केक हातात घेऊन. मी आनंदाने ओरडेन, म्हणून वाट बघत. नंतर मर्लनेच सगळ्यांना बजावलं, ऑरिनला काही बोलायचं नाही, त्याचं इंजिन त्याला मिळू दे.

"शब्द न् शब्द ऐकू आला आम्हाला," ती म्हणाली.