पूजेचा लाल धागा

गुरुवार, ९ ऑक्टोबर २००३
इंदिरानगर

आज अंबडच्या एका पत्र्याच्या कारखान्यात कामगारांना सुरक्षा शिकवून आलो. म्हणजे फीत कापली, भाषण ठोकलं, शाल-नारळ घेतला. मालक म्हणाले, "साहेब, आमच्याकडे सेफ्टी म्हणजे देवच!" देवच आहे. दसऱ्याला हार घालायचा आणि वर्षभर विसरायचं.

तो लाल धागा डोळ्यांसमोरून जात नाही. पत्रा साच्यात दाबून कापणाऱ्या प्रेस मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणांवर असतील तरच वरचा जड दट्ट्या खाली यावा, म्हणजे बोटं वाचतात. या महाभागांनी एक बटण पूजेच्या धाग्याने कायमचं दाबून बांधलेलं. प्रेसवरच्या मंदाताई एका हाताने दुसरं बटण दाबत होत्या आणि दुसरा हात साच्यात!

"हे काय?"

"दसऱ्याचा धागा, साहेब. सोडायचा नसतो," मालक हात जोडून म्हणाले. केवढी ही श्रद्धा! एक हात मोकळा राहिला की नग भराभर निघतात, म्हणून.

फीत कापलेली कात्री ताटात होतीच. मी धागा कापला. मालकांचा चेहरा पडला, आणि मंदाताई माझ्यावरच चिडल्या. "कापलात ना? आता माल कमी निघाला की बोलणी मला. तुम्ही जाल शाल घेऊन."

गेलोच की! एव्हाना नवा धागा बांधलाही असेल. आणि त्यांचा हात?

उद्या सकाळी न कळवता जाणार. शाल परत करायची आहे, हे निमित्त. कात्री मात्र घरची नेईन.