प्लास्टिकमधलं हेल्मेट

अण्णा, आज पुन्हा एक यजमान माझ्यासमोरून उठून गेला, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही माझ्या पश्चात्तापाची वाट बघत बसणार नाही. धाराशिवच्या कॉलेजातला पोरगा, नवी कोरी मोटारसायकल, सोबत चार मित्र. तुळजापुरात वाहनतळाच्या कडेला, तुम्ही आयुष्यभर नव्या गाड्या पूजल्या त्याच जागेवर मी ताट मांडलं आणि विचारलं, "हेल्मेट कुठंय?" "घरी हाय, महाराज. केस बिघडत्यात." मी म्हणालो, "मग गाडी पण घरी न्या. हेल्मेट घेऊन या, मग पूजा करू." तो हसला आणि दहा पावलांवर माझ्याच चुलतभावाच्या ताटाकडं गेला. पाच मिनिटांत तिथं नारळ फुटला. संध्याकाळी चुलतभाऊ मला ऐकवून गेला, "अण्णा असते तर तुला ह्या जागेवरून उठिवलं असतं." पोटच्या पोरालाही उठवलं असतंत, ठाऊक आहे. तरी मी उठलो नसतो.

जळकोटचा तो पोरगा तुम्हाला आठवत होता की नाही, हे मी कधी विचारलं नाही. मला रोज आठवतो. तेव्हा मी बावीस वर्षांचा, तुमच्या शेजारी नारळ सोलत बसलोय. पोरगा विशीचा असेल नसेल, गाडीपासून जरा लांब त्याचे वडील उभे, मुलाकडं बघून पोट भरल्यासारखे. शोरूमवाल्यानं दिलेलं हेल्मेट हँडलला लटकतंय, त्याचं प्लास्टिकही काढलेलं नाही. मी सहज म्हणालो, "हे आधी डोक्यात घाल, पडलास तर कामाला येईल." तुमचा कुंकवाचा हात थांबला. "शुभ कामात पडायचं नाव काढतोस? आपण आशीर्वाद देतो. भ्या घालायचं काम आपलं न्हाय." सगळ्यांदेखत. माझे कान तापले आणि मी पुन्हा नारळाला लागलो. हार चढला, चाकाखालचं लिंबू चिरडलं, पोरगा उघड्या डोक्यानं हायवेला लागला, वडील मागून एसटीनं गेले.

महिनाभरानं वडील एकटेच आले. पोरगा हायवेवर डोक्यावर पडला होता. हातापायाला म्हणे साधं खरचटलं नव्हतं. ते रडले नाहीत, भांडले नाहीत. खाली बसले आणि विचारलं, "महाराज, पूजंत काय ऱ्हायलं होतं का?" तुम्ही म्हणालात, "न्हाय हो, सगळं यथासांग झालं होतं. त्याचं आयुष्यच तेवढं." त्यांनी मान हलवली, पिशवीतून ते हेल्मेट काढलं, प्लास्टिकसकट, आणि म्हणाले, "कुणाला तरी द्या." त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत, ते मी पाहिलं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, हार, लिंबू, नारळ, जा बाळा सुखानं. माझा राग आहे तो त्या दुसऱ्या दिवसाचा, आणि तो अजून उतरलेला नाही.

पूजेत राहिलं होतं, अण्णा. आता माझ्या पूजेत कुंकवाचं पहिलं बोट हेल्मेटला लागतं, मग गाडीला. पट्टा टक् करून लागला की मगच चाकाखाली लिंबू. लोक म्हणतात, पुजारी हाय का पोलीस. म्हणू देत. परवा मुरुमची एक मुलगी नवी स्कूटी घेऊन आली, आईला मागं बसवून. तिच्या डोक्यावर हेल्मेट होतं, मी खूश होऊन लिंबू ठेवायला वाकलो, तर तीच म्हणाली, "थांबा की काका. मागं बसणाऱ्याचं डोकं काय येगळं असतंय व्हय?" आईला घेऊन बाजारात गेली आणि तासाभरानं दुसरं हेल्मेट घेऊन आली. तेव्हापासून मी दोन मागतो. त्यामुळं आणखी काही यजमान तुटले आहेत, आणि उद्याही तुटतील. चुलतभावानं खुशाल माझी जागा मागावी. मी ताट उचलून रस्त्यावर बसेन, पण उघड्या डोक्याला सुखानं जा म्हणणार नाही.

जळकोटचं ते हेल्मेट मी कुणाला दिलं नाही. ताटाशेजारी असतं, प्लास्टिक पिवळं पडलंय. कुणी फार हुज्जत घातली की मी त्याची गोष्ट सांगतो, तुमचं ते 'भ्या घालायचं काम आपलं न्हाय' जसंच्या तसं म्हणून दाखवतो, आणि पोरं हेल्मेट आणायला वळतात. हा कागद आता त्या हेल्मेटमध्येच घडी करून ठेवतो, दुसरीकडं कुठं पाठवणार. फक्त गोष्टीतला एक तुकडा मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. तुम्ही बोलून मोकळे झालात, तुमचा हात त्या हेल्मेटला लागलाही नव्हता. हँडलवर हार नीट बसेना, म्हणून ते मी काढलं आणि त्याच्या वडिलांच्या हातात देऊन म्हणालो, "हे तुम्ही घरी घेऊन जा."