पलंगाखालची राखुंडी

१२ जानेवारी, रविवार

राखुंडी मांजरीला पाळायला नेलेल्या लोणावळ्याच्या जोडप्यानं तिला परत आणून दिलं. दोनच दिवसांत! त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीला तिला कुशीत घ्यायचं होतं. हातावर ओरखडा. ‘प्रेमानंच घेत होती हो...’ – बाई रागानं नाही, दमून बोलल्या.

टोपली उघडली तशी सरळ माझ्या पलंगाखाली. मी फरशीवर आडवी पडून बघत राहिले. अंधारात दोन पिवळे डोळे, बाकी नुसता करडा धूर.

गेल्या एप्रिलमध्ये कंपनीच्या बसच्या बॉनेटमधून तिला काढलं. नऊ महिने झाले, एकदाही आपणहून जवळ आलेली नाही. आणि एक मार्चला मला नागपूरच्या प्लँटला हजर व्हायचंय. तिथल्या हॉस्टेलवर मांजर चालत नाही. तिला कुठे सोडू?

१४ जानेवारी

संक्रांत. खाली सोसायटीत तिळगूळ, वर आम्ही दोघी गप्प.

२० जानेवारी

‘मांजर द्यायचंय’ या जाहिरातीवर दोन फोन आले. एकाला उंदीर धरणारं मांजर हवं होतं. दुसरीनं फोटो मागितला. माझ्याकडे फक्त शेपटीचा आहे!

जेवणाच्या सुट्टीत सारिकाला सांगितलं. आम्ही एकाच लाईनवर काम करतो. तिचे वडील हौशीराम आबा मळवलीला एका बंगल्याची राखण करतात. मालक वर्षातून दोनदा येतो. सारिका म्हणाली, आबांना कसलीच घाई नसते, त्यांना विचारून बघ.

२६ जानेवारी, रविवार

आबा आले. येताना पावट्याच्या शेंगा घेऊन आले. मांजर कुठंय, हे विचारलंसुद्धा नाही. पलंगाकडे पाठ करून खाली बसले आणि शेंगा सोलायला लागले. मी नेहमीसारखी वाकून लाडानं हाका मारायला लागले, तर हळूच म्हणाले, ‘‘हाका मारू नगा, ताई. आपून हितं न्हाईच, असं ऱ्हायाचं.’’

मग मीही बसले. शेंगांचा बारीक आवाज. ऊन खिडकीतून उतरून फरशीवर आलं, तिथून भिंतीकडे सरकत गेलं. मला डुलकी लागली असावी. डोळे उघडले तर राखुंडी निम्मी बाहेर! उन्हात. आबांपासून दोन हातांवर. ते सोलतच होते.

ती परत आत गेल्यावर विचारलं, पाहिलंत का तिला? ‘‘न्हाई. बगितलं आसतं तर गेली आसती.’’

२ फेब्रुवारी

मळवलीला सोडून आले. बंगल्यामागे आबांची खोली. सकाळचं धुकं इतकं, की विसापूरचा नुसता माथा तरंगत होता, खाली डोंगरच नव्हता. शेतांतले भाताचे सड ओले. सगळं कुणीतरी झोपेत पाहिल्यासारखं.

राखुंडी कणगीमागे गेली. आतलं भात संपलंय, तरी मागची जागा गडद. मी आबांना विचारलं, किती दिवस वाट बघाल? ते म्हणाले, भात पेरल्यावर रोज उकरून बघतं का कुणी?

घरी आले. पलंगाखाली पाहिलं. सवय.

९ फेब्रुवारी

आज तिला परत न्यायला गेले होते. आठवडाभर ती कणगीमागून हललेली नाही. आबा बागेला पाणी घालायला गेले की तेवढ्यात येऊन खाते. मला वाटलं, मी तिला नुसतं एका अंधारातून दुसऱ्या अंधारात टाकलं.

आबांनी टोपली बघितली. चहा दिला. मग आपलं आपणच सांगायला लागले. झुंबरबाई, त्यांची बायको, गेली तेव्हा वर्षभर ते याच खोलीत बसून होते. नातेवाईक यायचे, चला म्हणायचे, हाताला धरून ओढायचे. सारिका मात्र रोज संध्याकाळी ताट ठेवायची आणि बाहेर ओट्यावर बसून राहायची. आत यायची नाही, काही विचारायची नाही.

‘‘एक दिस मीच भायेर येऊन तिच्यापाशी जेवलो,’’ म्हणाले. ‘‘मला वढून कुनी काडलं न्हाई, ताई.’’

टोपली रिकामी आणली.

१८ फेब्रुवारी

सारिका सांगत होती, राखुंडी दुपारी आबांच्या घोंगडीवर निजते. आबा घोंगडीवर नसतात तेव्हा.

२३ फेब्रुवारी

आता ते असतानाही!! एका टोकाला आबा, दुसऱ्या टोकाला ती. सामान बांधताना मी उगाच हसत होते. आणि थोडं, खरं सांगायचं तर, जळत होते.

२७ फेब्रुवारी. गाडीत.

सकाळी निरोप घ्यायला मळवलीला गेले. ओट्यावर बसले होते, आबा बागेत. पायाला काहीतरी ऊबदार लागलं. राखुंडी. घोट्याला डोकं घासलं, मांडीत चढली आणि डोळे मिटून घुरघुरायला लागली. आबा पाण्याचा पाइप खाली ठेवून बघत उभे. म्हणाले, ‘‘न्यायची आसंल तर न्या. तुमची हाय.’’ दहा महिन्यांत पहिल्यांदाच तिला दोन्ही हातांनी उचललं. आत जाऊन घोंगडीवर ठेवलं आणि स्टेशनकडे चालू लागले.