पडून दाखवणारी ताई

प्रिय मंगलताई,

काल दुपारी दाभोळहून एक माणूस आला होता. चपला पायरीखाली काढून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई हायत काय घरात? खेळासाठी तुळशीच्या लग्नानंतरची तारीक पायजे होती."

त्याला ठाऊकच नव्हतं. मी म्हटलं, "ताई श्रावणात गेली." तो तिथेच ओटीवर बसला. पाणी दिलं, ते तसंच हातात धरून राहिला. "आमाला कोनी सांगितलाच नाय," म्हणाला. मग तुझ्या प्रयोगातली ती खुर्ची त्याला आठवली. सत्काराला बोलावलेली बाई बसायला जाते आणि दर वेळी टाळ्या पडतात म्हणून अर्ध्यातून उठते, ती. त्याला हसू फुटलं, आणि हसल्याची लाज वाटून त्याने पंच्याने तोंड पुसलं. जाताना म्हणाला, "त्या दिवशी आमी दुसरा काय ठेवनार नाय. रिकामाच ठेवू."

तो गेल्यावर जाणवलं, तू गेल्याचं मी अजून कुणाला नीट सांगितलेलंच नाही. लोकांना आपोआप कळत गेलं, मी फक्त माना डोलावल्या. तुझ्याशी तरी नीट बोलावं म्हणून लिहायला बसले.

अठ्ठ्याण्णव साली तू मुंबई सोडून आलीस ते आठवतं? कोकण रेल्वे नुकतीच धावायला लागली होती आणि तू रत्नागिरी स्टेशनवरून रिक्षाने मांडवीला घरी आलीस, एक ट्रंक आणि सुजलेला घोटा घेऊन. बालनाट्यात तुला काय काय दिलं होतं त्यांनी! अस्वल, म्हातारी, आणि घोड्याचा मागचा अर्धा भाग. स्वतःचं काही करू देत नव्हते. "बाई पडलेली लोकांना बघवत नाही," तुझे दिग्दर्शक म्हणाले होते. "पुरुष पडला की लोक हसतात. बाई पडली की धावतात."

ट्रंक उघडता उघडता तू मला म्हणालीस, "धावू देत की."

दुसऱ्या दिवसापासून तू समुद्रावर पडायला लागलीस. मग म्हणालीस वाळूवर कुणीही पडेल, आणि आपल्या घरापुढच्या खळ्यात पडायला लागलीस. चिऱ्याची ती खडबडीत जमीन. गुडघे सोलायचे, कोपरं सोलायची, आणि तू एकच पडणं पुन्हा पुन्हा करायचीस. मी पायरीवर ढोलकी, करवंट्या आणि पत्र्याचा तुकडा घेऊन बसायचे. पडण्याचा आवाज पडण्याच्या आधी यायला हवा की नंतर, यावर आपण किती भांडलो! तू म्हणायचीस, "किंचित नंतर, उषा. आधी त्यांना वाटू दे की लागलंच नाही."

अण्णा मात्र खुर्ची उचलून आत गेले. सगळं आयुष्य कोर्टात कारकुनी केलेला माणूस. थोरली मुलगी पस्तिशीची, लग्न नाही, आणि गडग्यापलीकडे शेजारी उभे असताना अंगणात आपटून घेतेय. त्यांनी तुझ्याशी बोलणं टाकलं. तू समोर असतानाही मला सांगायचे, "तिला म्हणावं, पान वाढलंय."

पहिला प्रयोग खेडच्या पलीकडे एका गावात, शाळेच्या पडवीत. गावाला वाटलं होतं आरोग्य खात्याच्या बाया आल्यात. बायका पदर सावरून गंभीर होऊन बसल्या. तू पिशवी घेऊन एसटीची वाट बघणारी बाई झालीस. शब्द एकही नाही. कुणी हसेना. मग तुझ्या पिशवीचा बंद तुटला, तू तोल सावरायला गेलीस आणि सपशेल पडलीस. आणि खरोखरच एक म्हातारी उठून धावली.

"उठ गो बाय," ती म्हणाली. "लागला नाय ना?"

मला वाटलं संपलं सगळं. पण तू तिचा हात धरलास, उठलीस, तिच्याकडे कृतज्ञतेने पाहिलंस, आणि तिच्याच अंगावर रेललीस. तिने तुला सावरलं. तू सावरलीस, आणि आता दुसऱ्या बाजूला कललीस. तिच्या लक्षात आलं. तिने तुझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि स्वतःच हसायला लागली. मग अख्खी पडवी. बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकी टेकून हसत होत्या. त्या बाया घरी कधी इतक्या मोठ्यांदा हसल्या असतील का, असं तू परतीच्या एसटीत विचारलंस. मी खिडकीकडे तोंड वळवलं. माझे डोळे भरले होते.

मग वर्षं कशी गेली कळलं नाही. एसटीच्या टपावर आपली ट्रंक आणि आत आपण दोघी. घाटावर गेलो, गोव्याला गेलो, पण तुझा जीव इकडच्या वाड्यांमध्येच. देवळासमोर, शाळेत, बोटी ओढून ठेवतात त्या जागेवर. दर गावात तू आधी तास दीड तास नुसती फिरायचीस. लोक बसतात कसे, वाकतात कसे, हाक मारताना मान कुठे वळवतात, ते बघत. संध्याकाळी ते सगळं तुझ्या अंगात असायचं.

आणि मग तू 'कुलूप' बसवलंस. एक माणूस घराला कुलूप लावून निघतो, दोन पावलं जातो, परत येऊन ओढून बघतो. पुन्हा जातो, पुन्हा येतो. शेवटी कुलूपच हातात येतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा पत्रा वाजवायचं विसरले. ते अण्णा होते, ताई. छत्री, धोतराचा सोगा, मान, सगळे अण्णा. मी म्हटलं, "रत्नागिरीत नको करूस हे." तू म्हणालीस, "मग कुठे करू? इथेच तर ओळखतील."

अण्णा आले. कुणी सांगितलं त्यांना, कोण जाणे. मागच्या रांगेत छत्री मांडीवर घेऊन बसले. सगळं सभागृह हसत होतं आणि मी विंगेतून फक्त त्यांच्याकडे बघत होते. ते हसले नाहीत. प्रयोग संपल्यावर आत आले. तू तोंडाचा रंग पुसत होतीस. किती वर्षांनी ते थेट तुझ्याशी बोलले.

"मी असा चालतो?"

"हो, अण्णा."

त्यांनी छत्री डाव्या हातात घेतली. मग म्हणाले, "डावा खांदा आणखी खाली पाहिजे. छत्री त्या हातात असते."

तू उठून तिथेच चालून दाखवलंस. "आता?"

"आता बरोबर," ते म्हणाले, आणि जाऊन रिक्षा बोलावली. तिघांसाठी. त्या रात्री जेवताना ते म्हणाले, "मंगल, भात घे." तू ताटावरून उठून मोरीत गेलीस आणि बराच वेळ नळ सोडून ठेवलास.

आता एक विचारायचंय. रागावूनच विचारतेय. तू मला का नाही सांगितलंस?

शेवटच्या दोन वर्षांत तू पडणं कमी करत आणलंस. आधी एका प्रवेशात कितीदा पडायचीस, मग दोनदा, मग एकदाच. आणि ते एकच पडणं काय असायचं! पडण्याआधी तू थांबायचीस. लोक श्वास धरायचे. नुसत्या थांबण्यावर हशा यायचा. मला वाटलं, ताईला आता खरी कला साधली. जाणकारही तेच म्हणाले. तू ऐकून मान हलवायचीस. आणि खरं म्हणजे तुला दम लागत होता. तू थांबायचीस कारण थांबावंच लागत होतं.

खेडच्या स्टेशनवर जिन्याच्या मध्यावर तू बसलीस तेव्हा मला कळलं. तुझे ओठ निळसर झाले होते. मी घाबरून हमाल बोलावला, आणि तू त्याला ट्रंकेसारखी स्वतःला उचलायची खूण केलीस. तो हसला. मी नाही हसले.

डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी सांध्यांचा ताप आला होता का. आला होता. आई असताना. हृदयाची झडप तेव्हापासूनच खराब होत आली होती. ऑपरेशन लगेच करा म्हणाले. तू म्हणालीस, "जत्रा उरकू देत." अण्णांनी तुझ्यापुढे हात जोडले, तरी तू जत्रा उरकल्यासच. का गं? आणखी चार गावं हसली नसती तर काय बिघडलं असतं?

ऑपरेशन मुंबईला झालं, चांगलं झालं. तू घरी आलीस, ओटीपर्यंत चालायला लागलीस. मग ताप आला आणि उतरेना. शेवटच्या सकाळी तू हाताने खूण करून पेला मागितलास, तो नीट धरलास, नीट प्यालीस, नीट खाली ठेवलास. मी वाट बघत होते, आता सांडेल, आता काहीतरी करेल. तू काहीच केलं नाहीस. दुपारी गेलीस.

अण्णा रोज मांडवीच्या जेटीपर्यंत चालत जातात. रस्त्यात पोरं त्यांच्याकडे बघून हसतात, कारण अण्णांच्यात त्यांना तू दिसतेस. मला वाटलं त्यांना त्रास होत असेल. विचारलं तर म्हणाले, "हसू दे. तिने बसवलंय ते."

मला मात्र दुसरीच गोष्ट सहन होत नाही. शोकसभेत सगळे एकच बोलले, स्वतःचं दुःख लपवून जगाला हसवलं. मी नुसती ऐकत राहिले. तू कुठलं दुःख लपवत होतीस गं? तू तर खळ्यात गुडघे सोलत होतीस, आवाज आधी की नंतर यावर माझ्याशी भांडत होतीस.

एवढं वचन देते. यापुढे कुणी तसं म्हणालं तर मी गप्प बसणार नाही. कुठल्याही सभेत असो, कुणाच्या ओटीवर असो, उठून सांगेन, की माझ्या ताईने काही झाकलं नाही. ती मेहनत करत होती. आणि त्यांनी ऐकून घेतलं, तर तू किती विनोदी होतीस तेही सांगेन, रडू आलं तरी पूर्ण सांगेन.

तुझ्या पडण्याला आवाज देणारी,
उषा