लाटांची काच

प्रिय टॅमसिन,

"थंडीने मरतेय रे, एलियट!" तू म्हणालीस, तिथेच माझं सगळं बदललं. कॉलेज अर्धवट सोडून खिडक्या दुरुस्त करणारा मी. तुझ्यासाठी तुमच्या दिवाणखान्याच्या खिडकीची अडीचशे वर्षांची, लाटा उठलेली काच काढून नवी, वारा न येणारी सपाट काच बसवली. बाथ शहराच्या कौन्सिलची नोटीस आली: जुनी काच परत बसवा.

"गाढवा, संरक्षित घर आहे हे! कुणी सांगितलं तुला?" तुझे बाबा कडाडले. तू खिडकीबाहेर पाहू लागलीस. मी तुझं नाव घेतलं नाही.

काल त्याच नव्या काचेतून तू समोरच्या फुटपाथवर तुझ्या कॉलेजातल्या ह्यूगोच्या मिठीत दिसलीस. जुन्या काचेतून ओळखूही आली नसतीस.

आज जपून ठेवलेली जुनी काच परत बसवली. काच धरून ठेवणारी पुट्टी अजून ओली आहे, दार आपटलं तर काच निसटेल. म्हणून हे पत्र तुला न देताच खिशात घालून बाहेर पडतोय, आणि रागात असूनही, आयुष्यात पहिल्यांदा, दार अलगद लावतोय.

अजूनही तुझाच,
एलियट