ग्रीसच्या भोकात लिंबाची काडी

जयराज,

तीन हाका मारल्या, पांघरूण तोंडावरनं काढलं न्हाईस. म्हणून लिवतीया.

ट्रॅक्टरमागच्या गवत कापायच्या मशीनच्या मधल्या बेरिंगवरची ग्रीस भरायची निपल पडली, तर तू भोकात लिंबाची काडी ठोकलीस आन आठ दिस बागंत तसंच फिरवलंस. ग्रीस आत जायाला वाटच ठेवली न्हाईस. बेरिंग किंचाळत हुतं, ते मला चुलीपाशी ऐकू आलं, तुला शिटावर बसून न्हाई.

मी सांगलीला चाललीया. नमुन्याला शेजारची चांगली निपल काढून पदराला बांधलीया. आता दोन भोकं बिननिपलची हायती, मी येईस्तोवर ट्रॅक्टर चालू करू नगंस. काडी पिनंनं उकरून काढ, आत मोडू नगंस. भाकरी टोपल्यात हाय.

अंकिता माहेरी जाऊन सा महिनं झालं. तिला आणाय जा म्हणलं की तू भिंतीकडं तोंड करतूस. निपल मी आणंन, पर बायकू तुझी तुलाच आणाय पायजे.

निघताना दारात उभी राहून तुला बोलले. तू ऐकलं नसशील, म्हणून परत आत येऊन तेवढं बी लिवते. म्हणलं, "जया, तुझा बा गेला तवा बी मी एवढी एकटी नव्हते."