कड मारायची राहिली

मुआज,

मोबाइल हातात घेण्याआधी हे वाच.

मी अझीझियाला सत्यजित सरांच्या क्लासमध्ये गेलोय. पोरांची आज लाकडी तलवारीची परीक्षा आहे. हात वाचवायला मुठीवर बसवायच्या विकतच्या चकत्या त्यांना परवडत नाहीत, म्हणून आपण घडवलेल्या पितळेच्या पोचवायलाच हव्या होत्या. एसीत राहून लाकूड आटलंय, चकतीचं जुन्या मापाचं भोक सैल होतं. पुढच्या वेळी भोक जरा कमी घास.

फजरला गावाहून आपाचा फोन आला. अब्बा झोपेतच गेले. तू नाइट करून आलास तेव्हा मला माहीत होतं. तुला चहा दिला आणि झोपू दिलं.

आपा विचारत होती, तुम्हा दोघांसाठी थांबायचं का? मी नको म्हटलं. तुझा देश सोडायचा एक्झिट कागद कफीलकडून, त्या मालकाकडून, निघेपर्यंत अब्बांना बर्फावर ठेवावं लागलं असतं. तुला विचारलं असतं तर तू थांबवा म्हणाला असतास, म्हणून विचारलं नाही. हे वाचशील तेव्हा तिकडे सगळ्यांची अब्बांना माती देऊन झाली असेल. आपाला काही बोलू नकोस, ठरवलं मी.

डाळ गरम करून घे.

टेबलावर चार चकत्या आहेत, त्यांची कड मारायची राहिली आहे. शेजारी अब्बांची कानस ठेवलीय. उठलास की तिथे बस. मी सकाळपासून तेच करत होतो. हात चालू असला की काही कळत नाही.

भाई